दोघांची काठी

"प्रिंटर तिकडे कोपऱ्यात आहे. आणि दहाच्या आत सुरू करा हो, प्लीज!"

मी त्याला जवळजवळ ओढतच नेलं. खांद्यावर फुगलेली पिशवी, बोटांना शाईचे डाग… दुरुस्तीवाला नाही तर कोण असणार? तोही निमूटपणे खाली बसला, झाकण उघडलं आणि आत अडकलेला कागद अलगद बाहेर काढला – एखाद्याच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तसा.

"झालं. अजून काही बिघडलंय?"

"आमची डोकी," मी म्हणाले. "चार महिन्यांत एक नवी कल्पना नाही. आज म्हणे बैठकीआधी कुणीतरी येऊन आम्हाला खेळ खेळायला लावणार. घोड्यासारखी वाढलेली माणसं आम्ही! कोण रिकामटेकडा आहे देव जाणे."

"मीच तो," तो हसत उठला. "रिकामटेकडा."

धरणीमाते, पोटात घे… पण तिसऱ्या मजल्यावर धरणी कुठली?

आमची कंपनी आधाराच्या काठ्या बनवते. विक्री घसरत चालली होती, आणि आज काही सुचलं नाही तर आमचा सात जणांचा डिझाइन विभाग बंद, असं मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं. मी तर वर्षभर बैठकीत मूग गिळूनच बसायचे. मागे एकदा हेच साहेब भर सभेत माझ्या चित्राला हसले होते, तेव्हापासून.

पहिला खेळ सोपा होता. जोडीदाराचा चेहरा काढायचा, पण कागदाकडे न बघता. नजर हलवायची नाही. आम्ही सात, शिवाय साहेब आणि हिशेबनीस काकू असे नऊ, म्हणजे एकजण उरणार… उरले मीच.

"मग तुम्ही माझ्याबरोबर," म्हणत तो समोर येऊन बसला.

एक मिनिट. फक्त साठ सेकंद! पण एका अनोळखी माणसाच्या डोळ्यांत साठ सेकंद बघून बघा एकदा. त्याच्या डाव्या भुवईत एक बारीकशी खूण होती. हसू दाबताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची…

"नजर हलली तुमची," तो हळूच म्हणाला.

"माशी होती."

"माशीला लाजतं का कुणी?"

माझ्या कागदावर शेवटी एक बटाटा उमटला. त्याच्या कागदावर मला तीन डोळे होते. साहेबांनी काकूंना चक्क मिशा काढल्या होत्या, आणि काकू पदराने डोळे पुसत हसत होत्या.

"आता वाईटात वाईट काठी सांगा," तो म्हणाला. "चांगली कल्पना सुचली तर दंड!"

"साबणाची!" काकू ओरडल्या. "पावसात फेस येईल अशी!"

"चालताना घोरणारी," साहेब म्हणाले.

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. त्याने मात्र घाई केली नाही. नुसता थांबला… जणू त्याला दिवसभर दुसरं कामच नव्हतं.

"एकट्याला चालवताच येणार नाही अशी," मी कशीबशी म्हणाले. "धरायला दोघं लागतील."

हशा पिकला. पण या हसण्याने टोचलं नाही.

"असं का सुचलं?" त्याने विचारलं.

"माझे बाबा… आमच्याच कंपनीची काठी दिली त्यांना. दाराआड टाकून दिलीय. म्हणतात, काठी घेतली की माणूस म्हातारा दिसतो. पण आईचा हात धरून मैलभर चालतात."

साहेब पुढे सरकले. "थांब थांब. लांब आडवी मूठ केली तर? दोन हात मावतील अशी?"

"दंड भरा," तो मला म्हणाला. "ही तर चांगली निघाली."

एवढं बोलून त्याने पिशवी उचलली. त्याचं काम चूल पेटवण्यापुरतं. स्वयंपाक आमचा आम्हीच करायचा. पुढचे तीन तास मी अखंड बोलत होते, फळ्यावर चित्रं काढत होते, साहेबांशी भांडतसुद्धा होते! विभाग वाचला. दारातून बाहेर डोकावले तेव्हा मात्र तो केव्हाच गेला होता.

तीन आठवड्यांनी नमुना तयार झाला. मी त्याला फोन लावला.

"चाचणीला एक माणूस हवाय. रविवारी सकाळी, आमच्या घरासमोर."

"येतो," तो म्हणाला. कसली चाचणी, हेही न विचारता.

रविवारी तो आला. पण आम्ही काठीला हात लावायच्या आधीच बाबांनी ती उचलली, आईने दुसरं टोक धरलं आणि दोघं निघालेसुद्धा!

"अहो, जरा हळू!"

"मी कुठे? तूच ओढतेयस!"

आम्ही रिकाम्या हातांनी मागून चालू लागलो.

"चाचणीला मी कशाला हवा होतो?" त्याने विचारलं. "आईबाबा होतेच की."

"नव्हता हवा." माझं मलाच ऐकू येईना. "म्हणजे… काठीसाठी नव्हता हवा."

तो थबकला. खळी पडली.

"अगं, मग तीन आठवडे का लावलेस? मी रोज फोनकडे बघत बसायचो!"

त्या 'अगं'ने माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग तू का नाही केलास?"

"घाबरलो," तो म्हणाला. "दुसऱ्यांना धीर देणं सोपं असतं… मला तू आवडतेस. त्याच दिवसापासून."

"मलाही," मी म्हणाले, आणि त्याचा हात धरला.

वळणावर बाबा थांबले होते. काठी उंचावून त्यांनी विचारलं, "काय गं, ही परत हवीय का तुम्हाला?"

"नको बाबा," मी हात न सोडता ओरडले. "तुमच्याकडेच ठेवा!"