विहिरीवरचा एकच खडा

"पावणं, सायकल पेरताय व्हय? उगवायची न्हाय ती. हितं नुस्ता ऊस येतो."

चंदना बांधावरून हे बोलून गेली आणि मग तिला जरा धास्तीच वाटली. कारण ओढ्याकाठच्या चिखलात उभा असलेला तो पावणा हसला नाही. त्यानं सायकलकडं नीट पाहिलं. मागचं चाक निम्मं जमिनीत गेलं होतं. मग तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "खत किती घालावं लागेल?"

हे त्याचं पहिलं वाक्य. पुढं कितीतरी दिवस चंदना जात्यावर बसली की तेच दळत असे. पीठ मात्र जाडंभरडं पडायचं.

त्याचं नाव त्र्यंबक. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका शाळामास्तरांचा मुलगा, वय चोवीस, विकास योजनेतला कोरा ग्रामसेवक. हुपरीच्या अलीकडं, सडकेपासून दोन मैल आत असलेल्या पिंपळमळ्याचा विकास करायला तो आला होता. त्याआधी त्याची सायकल काढायला चार गडी आणि एक बैलजोडी लागली. "सरकार रुतलं हुतं, काढलं," असं सरपंच हंबीररावांनी चावडीवर जाहीर केलं.

या माणसाला एक खोड होती. तो विचारायचा. आजवरचे सरकारी लोक यायचे, सांगायचे आणि जायचे. हा दारोदार वही उघडून विचारायचा, "तुम्हाला काय हवं आहे?" गावाची गरज गावानंच सांगायची, आराखडा गावानंच आखायचा, असं त्याला शिकवलेलं होतं, आणि शिकवलेलं खरं मानायची त्याला सवय होती. पहिले आठ दिवस गावाला काही सुचेचना. मग सुचायला लागलं. हंबीररावांना तालीम हवी होती. एकाला घड्याळाचा मनोरा हवा होता. त्याला घड्याळात वेळ बघता येत नव्हती, पण ठोके मोजता येत होते. म्हाताऱ्या तानाबाईंना सून बदलून हवी होती. त्र्यंबकनं तेही लिहून घेतलं आणि म्हणाला, "दुसऱ्या टप्प्यात बघू."

तो चंदनाच्या दारात आला तेव्हा ती शेंगा फोडत होती.

"तुम्हाला काय हवं आहे?"

"मला?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. अण्णासोंनी, म्हणजे तिच्या वडलांनी नाही, आईनं नाही, जैन बस्तीतल्या देवानंही नाही.

"इचार करून सांगते की."

"सावकाश सांगा. मी पुन्हा येईन."

"चिखुल हाय. रुताल."

"मग तर येईनच. रुतलेला माणूस जाणार कुठं?" — आणि या वेळी तो हसला.

त्या दिवशी टरफलं सुपात राहिली आणि दाणे उकिरड्यावर गेले. तिची आई, अव्वा, तिला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही.

दसरा झाला आणि चावडीपुढच्या सारवलेल्या अंगणात गावाचा नकाशा काढायचं ठरलं. सगळ्यांना दिसेल असा, रांगोळीचा. चंदनाचा हात रांगोळीत चांगला, म्हणून काम तिच्याकडं आलं. त्र्यंबक शेजारी उकिडवा बसून सांगत होता.

"ओढा निळा हवा."

"निळी रांगुळी कुटनं आणू?" असं म्हणून तिनं घरातली कपड्यांची नीळ आणून त्यात कालवली.

"हे तुमचं घर? फार लहान काढलंत."

"हायच ल्हान."

"आणि मी?"

तिनं चावडीच्या चौकोनाशेजारी बोटानं एक ठिपका टेकवला.

"एवढाच?"

"सरकार लांबनं ल्हानच दिसतंय…"

तो ठिपका तिनं दोनदा पुसून तीनदा काढला. तिचं घर आणि तो ठिपका यांत वीतभर अंतर होतं. नकाशात.

आधी काय करायचं हा वाद शेवटी दोन गोष्टींवर आला: सडकेपर्यंतचा रस्ता, नाहीतर पिण्याच्या पाण्याची विहीर. अण्णासो उठून उभे राहिले. ते सहसा उठत नसत, कंबर धरायची.

"गावात सात पोरी लग्नाच्या हाईत. गेल्या साली कुरुंदवाडची पावणं ओढ्यापत्तुर आली. मोटार रुतली. अपशकुन झाला म्हणून तिथनंच माघारी गेली! रस्ता न्हाय तर सोयरीक न्हाय."

त्र्यंबकनं 'अडचणी' या मथळ्याखाली लिहिलं, 'सात'. ती मोटार कुणासाठी आली होती, ते चारचौघांत कुणी बोललं नाही. पोरीचं नाव असं घेत नाहीत. वहीत नुसता आकडा गेला.

चंदना बायकांच्या घोळक्यात बसून मनाशी हिशेब मांडत होती. रस्त्याला चार महिने. रस्ता झाला की मोटार येणार. रस्ता झाला की हा सायकलवाला पुढच्या गावाला जाणार. विहिरीखाली सगळा काळा पाषाण, तिला दोन वर्षं तरी. दोन वर्षांत माणूस काहीतरी बोलतोच. अगदी त्र्यंबकसारखा माणूससुद्धा.

ओढ्यातले खडे आणले होते. माणशी एक, बायकांनाही द्यायचा, यावर तो अडूनच बसला होता. सगळ्यांनी नकाशावर खडे ठेवले. रस्त्यावर एकशे बारा पडले. विहिरीवर एक. पांढरीशुभ्र गारगोटी.

दुसऱ्या दिवशी तो मळ्याच्या कडेला आला. टोपी हातात होती.

"तालुक्याचे साहेब म्हणतात, एकमत झालं तरच मंजुरी. तुमचा खडा… उचलाल का?"

"तुमीच म्हणालासा, ज्यानं त्यानं मनातलं सांगायचं."

"हो. म्हणूनच विचारतो. विहीर का? मला पटलं तर मी साहेबांशी भांडेन. खरंच भांडेन."

तो भांडला असता. तिला ते दिसत होतं. उसाच्या पाल्यावरून वारा गेला, ओढ्याचं पाणी दगडाला लागून खळखळलं… आणि चंदनाच्या तोंडून बाहेर पडलं ते भलतंच.

"पानी लई लांबनं आणाय लागतंय."

"तुमच्या परड्यात आड आहे," तो हळू म्हणाला. त्यानंच तो वहीत लिहिला होता.

तिनं पायानं एक ढेकूळ फोडलं. "तुमी सांगताय म्हणून उचलते."

त्यानं तिचे आभार मानले. गावातर्फे.

मग श्रमदान सुरू झालं. घरटी एक माणूस. अण्णासोंची कंबर म्हणून चंदना. त्र्यंबक मुरूम भरून द्यायचा, ती घमेलं डोक्यावर घ्यायची.

"जरा कमी भरा की."

"दमलात?"

"न्हाय… लवकर सपंल."

त्याला वाटलं, दमली असणार पण कबूल करत नाही. त्यानं घमेलं निम्मं भरायला सुरुवात केली. खेपा दुप्पट झाल्या. चंदनाला याहून जास्त काही नको होतं. मुरूम देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागायची आणि तो दर वेळी म्हणायचा, "माफ करा." दिवसाला साठ वेळा माफी मागणारा माणूस पिंपळमळ्यानं पहिल्यांदाच पाहिला.

पण निम्म्या घमेल्यांनीही रस्ता होतोच. शिमग्याच्या आधी झाला.

उद्घाटनाला कोल्हापूरचे मोठे साहेब चार वाजता येणार होते. त्यांना गावानं पाहिलं नव्हतं आणि त्र्यंबकनंही नाही. आडवी फीत बांधली, हलगी तापवली. साडेतीनलाच धुरळा उडवत मोटार आली. आत कोट-टोपीतली माणसं. हंबीररावांनी पहिल्याच माणसाच्या गळ्यात हार घातला. हलगी कडाडली. त्र्यंबकनं तबकातली कात्री एका गोऱ्या, गोंधळलेल्या तरुणापुढं अदबीनं धरली. तरुण सुसंस्कृत होता. त्यानं फीत कापली. त्याच्या काकांनी तर चार शब्दही बोलून घेतले: "एवढा मान आमच्या घराण्याला कुठल्या गावानं दिला न्हाय! हितली मानसं मोठ्या मनाची हाईत." टाळ्या पडल्या. भाषण साहेबी होतं.

"आपण कुठल्या खात्याचे?" त्र्यंबकनं विचारलं.

"खात्याचं? आमी कुरुंदवाडचं. ह्यो श्रीपाल, आमचा पुतण्या. रस्ता झाल्याचं कळलं, म्हणून अण्णासोंची चंदना बगायला आलोय."

आरतीचं ताट घेऊन चंदना बायकांत उभी होती. तिनं त्याच्याकडं पाहिलं. वही त्याच्या काखेतच होती, पण तो ती उघडायची विसरला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

खरे साहेब पाचला आले. फितीला गाठ मारून ती पुन्हा कापली. रस्त्याचं उद्घाटन दोनदा झालं. त्यातलं पहिलं खरं होतं.

जैन रिवाजानं दिवस मावळल्यावर पावणे अन्नाला शिवणार नव्हते, म्हणून अण्णासोंनी सगळं उन्हातच उरकलं. बघणं, पसंती, बोलणी, जेवण. मानाचा म्हणून त्र्यंबकलाही पंक्तीला बसवलं. चंदना वाढायला आली. श्रीपालला तिनं एक पोळी वाढली. त्र्यंबकच्या पानात तीन पडल्या, आणि त्यानं तिन्ही खाली मान घालून संपवल्या. श्रीपाल वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "कुरुंदवाडला आमच्या मागच्या दारी नदी हाय. पाण्याची भीती न्हाय नव्हं?" तिनं मान हलवली. पाण्याची भीती तिला कधीच नव्हती.

सूर्य टेकला तेव्हा ती बांधावर आली. खाली रस्त्यावर त्र्यंबक सायकल धरून उभा होता. मागं वळकटी बांधलेली.

"निगालासा?"

"पुढच्या गावची नेमणूक आली." तो थांबला. "एक विचारायचं राहिलं… विहीर का?"

आता सांगायला हरकत नव्हती. सांगून आता काहीच होणार नव्हतं.

"विहिरीला दोन वर्सं लागली असती," ती म्हणाली.

 ते त्याच्या आत उतरायला वेळ लागला. खाली सगळा पाषाण असावा तसा. मग त्याचा चेहरा बदलला.

"मी सगळ्यांना विचारलं होतं, चंदना…"

"व्हय की. मला तर दोनदा इचारलंसा. मीच सांगितलं न्हाय." ती हसायला गेली. जमलं नाही. "तुमाला कुनी इचारलं न्हाय, तुमाला काय पायजे ते?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मी इचारायला पायजे हुतं," ती म्हणाली.

"दुसऱ्या टप्प्यात…" सवयीनं त्याच्या तोंडून निघालं.

कमरेच्या पिशवीतून तिनं पांढरी गारगोटी काढली आणि बांधावरून खाली टाकली. त्यानं झेलली, मुठीत धरली. मग सायकलवर टांग मारली.

चंदना चाकांचा आवाज ऐकत उभी राहिली. ओढ्याजवळ आवाज पोचला तशी ती एक पाऊल पुढं सरली. तिथंच तो पहिल्यांदा रुतला होता. पण आवाज थांबला नाही. पिंपळाच्या वळणालाही थांबला नाही. थेट सडकेपर्यंत सायकल कुठंच रुतली नाही.

रस्ता फार चांगला झाला होता.