कागदावर कसं वागावं

रणजीतच्या दुकानासमोर चौदा बाळं एकदम रडत होती, तेव्हा ही पैज लागली.

रणजीत माझ्या शेजारच्या गाळ्यात फ्लेक्स छापतो. वाढदिवस, दहावी पास, भावी नगरसेवक, सगळं. माझं झेरॉक्स, लॅमिनेशन, स्पायरल. नेरुळच्या मार्केटात आमच्या दोघांमध्ये एक भिंत आणि बारा वर्षांची भांडणं. त्या दिवशी मी फक्त एवढंच केलं होतं, की त्याच्या शटरवर एक कागद चिकटवला होता... 'येथे लहान मुलांचे कान मोफत टोचून मिळतील. सकाळी दहा ते बारा.' छान लॅमिनेट करून.

"सुनयना, बेचाळीस वर्षांची झालीस," एका आजीने पुढे केलेलं बाळ चुकवत रणजीत म्हणाला. "एक महिना. एक महिना खोडी न काढता राहून दाखव."

"राहीन की. त्यात काय."

"हिला नाय जमाचा," समोरच्या पायरीवरून गोजरा हसली. गोजरा शिरवणे गावची, पायरीवर मासळीची पाटी घेऊन बसते. मार्केटातले सगळे निवाडे तिच्याकडेच होतात. "ही झोपेत पन कोनाची तरी चप्पल लपवल."

झालं, ठरलं. मी जिंकले तर रणजीतने मार्केटच्या मधोमध खुर्ची टाकून मिशी काढायची. मी हरले तर दहा बाय सहाचा फ्लेक्स, 'मी हरले' असा, पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टांगायचा आणि त्याच्याखाली मी तासभर हात जोडून उभं राहायचं, बॅनरवरच्या पुढाऱ्यासारखं. गोजरा पंच.

हातावर हात मारला, आणि तेवढ्यात तो आला.

इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठ्या, आणि खिशात पेनाच्या जागी सहा इंची स्टीलची पट्टी. मला वाटलं, हाही बाळ घेऊन आलाय. पण तो शटरवरच्या माझ्या कागदासमोर उभा राहिला, पट्टी काढली, आणि मोजायला लागला.

"हे कुणी केलंय?"

"का?"

"अक्षरं मध्यावर नाहीत. तीन मिलिमीटर डावीकडे गेलीत."

चौदा बाळं बोंबलतायत, आयांची रणजीतशी जुंपलीय, आणि या माणसाला तीन मिलिमीटर दिसले. मी त्याच क्षणी वैतागले. तो वैताग पुढे महिनाभर उतरला नाही.

त्याचं नाव आशुतोष. राहायला ऐरोलीला. वीस वर्षं एका वर्तमानपत्रात पानं लावली, मग ते खातंच बंद झालं. आता बंगलोरच्या एका कॉलेजात मुलांना डिझाइन शिकवायची नोकरी निघाली होती. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटं नकोत, हाताने केलेलं एक पुस्तक आणा, असं कळवलं होतं त्यांनी. पुस्तकाचं नाव 'कागदावर कसं वागावं'. तळहाताएवढं, बत्तीस पानी. पानावर काय कुठे ठेवावं, याचे साधे नियम.

"दोऱ्याने शिवून देता का?" त्याने विचारलं. "चार दुकानं फिरलो. सगळे स्पायरल म्हणतात."

"देते की," मी म्हटलं.

जन्मात पुस्तक शिवलं नव्हतं मी. पण नाही म्हणायची सवय नाही ना.

घरी वडिलांना, म्हणजे अण्णांना, विचारलं. अण्णांचा जन्म गेला वाशीच्या मार्केटात, बटाट्याच्या गोणी उचलण्यात आणि त्यांची तोंडं शिवण्यात. त्यांनी कागदाची घडी हातात घेऊन उलटसुलट बघितली, कपाटावरून दाभण काढलं, माझ्या हातात दिलं. "दोरा ओढताना श्वास सोडायचा," म्हणाले. "दम धरून ओढलास की फाटतंय."

मग रोज दुपारी दोन ते चार, गिऱ्हाईक नसतं तेव्हा, आशुतोष माझ्या काउंटरच्या आत येऊन बसायला लागला. मे महिना. आणि पंखा बंद. कारण पंखा लावला की त्याची बत्तीस पानं थेट गोजराच्या पाटीत.

"घाम पडेल कागदावर," मी म्हणायची.

"टिपा मग."

"तुमचा की माझा?"

तो वर बघायचा नाही. कान मात्र लाल व्हायचे. ते मी पहिल्या आठवड्यातच टिपून ठेवलं होतं.

पण माणूस छळवादी हो. आधी डमी करायला लावली. डमी म्हणजे तसंच पुस्तक, तोच कागद, तेच कव्हर, पण आत सगळं कोरं. नुसता अंदाज यावा म्हणून. "कोऱ्या पुस्तकाला बाइंडिंग करू?" मी विचारलं. "हो," म्हणाला, "आणि नीट करा." मग खरी पहिली प्रत. तिच्या खळीत मी मोरचूद टाकलं, जुने बाइंडर टाकायचे तसं, कसर लागू नये म्हणून. पडलं जास्त. कव्हरच्या आतला पांढरा कागद मोरपिशी झाला. दुसरी प्रत शिवली, तर त्याने पट्टी लावली. "अर्धा मिलिमीटर."

"अर्धा मिलिमीटर कुणाला दिसतो, साहेब?"

"मला दिसतो. आता तुम्हालाही दिसेल."

आणि दिसायला लागला ना. तेच तर डोक्यात गेलं. रिक्षावरची अक्षरं, लग्नाच्या पत्रिका, दवाखान्याची पाटी... सगळं वाकडं दिसायला लागलं. बारा वर्षं सुखाने धंदा केला होता मी.

इतक्या खोड्या सुचायच्या की विचारू नका. ती पट्टी एका बाजूने पाव मिलिमीटर घासून ठेवायची, बस. माणूस वेडा झाला असता. कानस घरात होती. पण पायरीवर गोजरा बसलेली, आणि भिंतीपलीकडे मिशीवर ताव देत रणजीत. मी दात-ओठ खात दोऱ्याला मेण लावायची.

एकदा पान लावताना मी वाचलं. एका पानावर एकच ओळ. 'जी माणसं एकमेकांची, ती जवळ ठेवावी.'

"हे डिझाइन आहे?"

"हो. म्हणजे मथळा आणि त्याची बातमी जवळ हवी. मध्ये फार अंतर पडलं तर वाचणाऱ्याला कळत नाही, हे एकमेकांचे आहेत ते."

"मग तुम्ही एवढे लांब का बसता? खळ पोचत नाही."

त्याने स्टूल सरकवलं. सहा इंच. मी डोळ्यांनी मोजलं... आता मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी तो गोजराच्या पाटीसमोर उकिडवा बसला. "हे बघा," मला म्हणाला. "बांगडे सगळे एका दिशेला तोंड करून. पापलेट वेगळी. मध्ये मोकळी जागा सोडलीय, म्हणून नजर बरोबर पापलेटवर जाते. यांना कुणी शिकवलं?"

"या मानसाला कलतंय," गोजरा म्हणाली आणि त्याला दोन बांगडे जास्त घातले. मला बारा वर्षांत एक जास्त दिला नव्हता.

माझं लग्न राहून गेलंय. राहून गेलं म्हणजे कसं, छत्री रिक्षात राहते तसं. आठवण होते तोवर रिक्षा पनवेलला. मी त्याचं काही वाटून घेत नाही. पण त्या दिवशी त्याच्या पिशवीतून कागद काढताना माझ्या हाताला ती मोरपिशी प्रत लागली. फेकून देतो म्हणाला होता.

"ही अजून आहे?"

"मुलांना दाखवायला. चुका कशा होतात ते."

"आणि मग तिच्यावर कव्हर का घातलंय? प्लॅस्टिकचं?"

तो पट्टी पुसत बसला. कान लाल.

मग मला कळलं माझी काय पंचाईत झालीय ती. मी हे पुस्तक जेवढं चांगलं बांधणार, तेवढा हा माणूस लांब जाणार. आणि वाईट बांधायला आता हात तयार होईना. त्याने बिघडवला होता माझा हात. तिसरी प्रत मी अण्णा म्हणाले तसा श्वास सोडत सोडत शिवली. ए-फोरच्या दहा रिमांखाली दोन दिवस दाबून ठेवली. बाहेर काढली तर... काय सांगू. काठ सरळ, पाठ सरळ, मिटली की हवा जायला जागा नाही.

त्याने पट्टी लावली. परत लावली. मग पट्टी खिशात ठेवून दिली. हाताने नुसता काठ चाचपत राहिला.

"बोला की काहीतरी."

"उद्या पाच वाजता बस आहे," तो म्हणाला.

दुसरा दिवस पैजेचा एकोणतिसावा. एक दिवस काढला असता तर रणजीतची मिशी माझी होती. पण मला नीट बोलता येत नाही हो. म्हणजे बोलते खूप, पण जे बोलायचं ते सोडून. मला येते फक्त खोडी. तर मी डमी घेतली, तिच्या शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात पेन्सिलने दोन ओळी लिहिल्या, ब्राऊन पेपरात गुंडाळली, आणि तीच त्याच्या हातात दिली. खरी प्रत काउंटरखाली.

माझा हिशोब सरळ होता. हा माणूस सुट्टे पैसे तीनदा मोजतो. इथेच उघडून पट्टी लावणार, कोरी पानं बघून भडकणार, शेवटच्या पानापर्यंत जाणार... आणि वाचणार.

त्याने पुडकं घेतलं आणि पिशवीत ठेवलं.

"बघत नाही?" माझा आवाज बारीक झाला.

"तुम्ही बांधलंय," तो म्हणाला. "त्यात काय बघायचं?"

आणि गेला. महिनाभर प्रत्येक टाका मोजणारा माणूस, त्याला आजच विश्वास ठेवायचं सुचलं. मी तिथेच तोंड उघडं ठेवून उभी. भान आलं तोवर त्याची रिक्षा वळणावर. फोन लावला. उचलेना. रिक्षात फोन बाहेर काढत नाही तो, चोर पळवतात म्हणून.

मी खरी प्रत घेऊन रणजीतच्या दुकानात शिरले. "स्कूटर काढ. हायवेला, एलपीच्या स्टॉपला जायचंय, त्याची बस पकडायला. मी त्याला कोरं पुस्तक दिलंय."

रणजीतच्या तोंडावर हळूहळू दिवाळी उजळली. "म्हणजे खोडी काढलीस."

"काढली. आता गाडी काढ."

एलपीच्या स्टॉपवर तो पिशवी पोटाशी धरून उभा होता. मी धापा टाकत पुस्तक पुढे केलं. "हे घ्या. ते... ते दुसरं आहे."

त्याने पुडकं सोडलं. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. मला वाटलं आता ओरडेल, ओरडायलाच पाहिजे होतं. पण तो बत्तीसच्या बत्तीस पानं उलटत गेला, एकेक करून, हायवेच्या त्या धुरात. शेवटच्या पानावर थांबला. तिथे लिहिलं होतं, 'उद्यापासून दुपारी पंखा लावता येईल. मला नाही लावायचा.'

तो बराच वेळ वाचत राहिला. दोन ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"अक्षर कडेच्या फार जवळ गेलंय," शेवटी म्हणाला.

"साहेब, बस आली."

"खालून अजून थोडी जागा हवी होती."

"अहो, बस."

"परत आल्यावर बोलतो," म्हणाला आणि चढला. दोन्ही पुस्तकं घेऊन. डमी मागितली तर दिली नाही. मी रणजीतच्या स्कूटरवर मागे बसून घरापर्यंत शिव्या घातल्या. त्याला, बसला, अर्ध्या मिलिमीटरला.

पाच दिवसांनी आला तो थेट रणजीतच्या दुकानात. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रणजीतने माझा फ्लेक्स तयार ठेवला होता. माझा फोटो, मागे सूर्यकिरणं, बाजूला दोन सिंह, अकरा रंग. आशुतोषने तो बघितला आणि खुर्चीवर बसला. चक्कर आल्यासारखा.

"हा मी करतो," म्हणाला.

दोन दिवस तो भिंतीपलीकडे, आणि मला आत यायला बंदी. नुसता रणजीतचा आवाज यायचा. "सर, सिंह तरी ठेवा एक." "सर, गिऱ्हाईक काय म्हणेल मला?"

रविवारी सकाळी दहाला गॅलरीतून फ्लेक्स सोडला. अख्खं मार्केट जमलं होतं. दहा बाय सहाचा फ्लेक्स... आणि पांढरा. नुसता पांढराशुभ्र.

"माझं नाव नाही हां खाली," रणजीत सगळ्यांना सांगत सुटला. "मी फक्त छापलंय."

"यवरा मोठा पांढरा कपरा," गोजरा म्हणाली, "नि लिवलाय काय?"

लिहिलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात, बारीक. दोन्ही कडांपासून बरोबर जागा सोडून. वाचायला लोकांना फ्लेक्सच्या अगदी पोटाशी जावं लागत होतं, आणि एकेक जण जातही होता. मी खाली हात जोडून उभी, पैजेप्रमाणे. मला मान वर करून वाचायला लागलं.

'मी हरले. – सुनयना'

आणि त्याच्या खाली, तेवढ्याच अक्षरात, अगदी चिकटून,

'मी पण. – आशुतोष'

गोजराला कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. मागून एक शिट्टी आली. तो गर्दीतून आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्यानेही हात जोडले.

"नोकरी?" मी समोर बघतच विचारलं.

"मिळाली. जुलैपासून."

"बरं झालं," मी म्हटलं. 

"तिथे कॉलेजच्या आजूबाजूला झेरॉक्सची सतरा दुकानं आहेत. सगळी बघितली. एकाही ठिकाणी धड काही बांधत नाहीत."

"मी काही तिकडे येणार नाही हां."

"नका येऊ. शुक्रवारची बस आहे. शनिवारी सकाळी इथे." थांबला. "महिन्यातून दोनदा जमेल. सुट्टीत पूर्ण. तेवढ्यावर तुम्हाला... म्हणजे तुला चालेल का, विचारायचं होतं."

"हे आत्ता विचारताय? दीडशे माणसांत?"

"स्टॉपवरच विचारणार होतो. बस आली."

मी हात खाली करायला गेले, तर वरून रणजीत ओरडला, "ए, तास व्हायचाय. अजून चाळीस मिनिटं. पंच, बघा हिच्याकडे."

"हात जोडूनच ठेव गो," गोजरा म्हणाली. "नि सायब, तुमी पन."

चाळीस मिनिटं. ऊन डोक्यावर आलेलं, मुलं मोबाइल काढून फोटो घेतायत, आणि हा माणूस एवढा जवळ की त्याच्या शर्टाच्या इस्त्रीचा वास येतोय. हात जोडलेले, म्हणून धरता येईना.

कोपर मात्र मोकळं होतं. मी हळूच त्याच्या कोपराला लावलं.

"चालेल," म्हटलं.