काळा चष्मा आणि पांढरी चकती

मारिटचं वल्हं हातातून सुटलं आणि वाऱ्यानं ते निवांत लांब नेलं. आता हातानं पाणी मारत बसायचं की काय, म्हणेपर्यंत एक होडी जवळ आली. काळा चष्मा लावलेल्या तरुणानं वल्हं उचलून पुढे केलं.

“हे पडलं, की तळ्याला दान केलंत?”

“दानच होतं... तळ्यानं परत पाठवलेलं दिसतंय.”

तो हसला. त्याच्या पायाशी दोरी बांधलेली काळीपांढरी चकती होती. ती पाहून मारिटच्या लक्षात आलं. म्हणजे ऑरिन हाउताला तो हाच! याचंच तळं पाण्याच्या नितळपणाच्या नकाशावरून काढायचं की ठेवायचं, ते ठरवायला ती मिनियापोलिसहून आली होती.

उपग्रहाच्या फोटोंतल्या रंगावरून कुठल्या तळ्याचं पाणी किती नितळ, हे मारिट ठरवायची. पण पडताळ्याला त्याच वेळी कुणीतरी तळ्यात चकती सोडून ती किती फुटांवर दिसेनाशी होते ते मोजावं लागे. इथं ते काम एकतीस वर्षं ऑरिनच्या आईनं केलं. ती गेल्यावर दोन उन्हाळे ऑरिन करत होता, आणि दोन्ही उन्हाळे त्याचे आकडे जुळत नव्हते. ऑफिसात म्हणत होते, नोंदींची सगळी वहीच बाद करा, आईचे आकडेसुद्धा.

मारिटनं हे सांगून टाकलं.

“माझे आकडे फेका हवं तर,” तो म्हणाला. “आईचे नको. शेवटच्या उन्हाळ्यात मी तिला उचलून होडीत बसवायचो... पण मोजायची तीच.”

मारिटचा जीव कळवळला. “अकराला उपग्रह वरून जाईल. माझ्यादेखत मोजा.”

त्यानं हळूहळू दोरी सोडली. “सोळा फूट.”

“मला तर तेरालाच दिसेनाशी झाली.” तिनं मान वर केली. पाण्यावर ऊन नुसतं चकाकत होतं, आणि या गृहस्थाच्या डोळ्यांवर—

“चष्मा काढा.”

“अहो, ओळख होऊन दहा मिनिटं नाही झाली...”

“काढा म्हणते ना.”

त्यानं काढला. राखाडी, जरा लाल झालेले डोळे. पुढचं काय बोलायचं होतं, ते मारिट क्षणभर विसरलीच.

“आता... मोजा.”

“तेरा,” तो चकित होऊन म्हणाला.

“हा चष्मा पाण्यावरची चकाकी घालवतो. म्हणून तुम्हाला जास्त खोलवर दिसतं. आई लावायच्या?”

“कधीच नाही. मीही नव्हतो लावत. पण ती गेल्यावर इथं आलं की डोळे भरून यायचे... किनाऱ्यावरून लोक बघतात.”

“मग आईंची एकतीस वर्षं राहिली,” ती हळूच म्हणाली. “तुमची दोन मात्र गेली.”

त्याचे डोळे पुन्हा भरले, पण त्यानं चष्मा शोधला नाही. “तुमचे उपकार कसे फेडू?” म्हणत त्यानं डब्यातला वेलदोड्याचा गोड पाव मोडला आणि मोठा तुकडा तिला दिला.

पुढचे आकडे ईमेलनं आले असते. तरी उपग्रह वरून जायच्या दर दिवशी मारिट चार तास गाडी हाकत यायची. ऑक्टोबरातल्या शेवटच्या फेरीला आभाळ गच्च भरलं होतं. ऑरिन धक्क्यावरच उभा होता.

“आज ढग आहेत. वरून काही दिसायचं नाही.”

“मला माहीत आहे. सकाळीच पाहिलं.”

“तरी आलीस?”

“तरी आले.”

त्यानं आईची वही उघडली. आकड्याची जागा कोरी ठेवली आणि शेऱ्यात लिहिलं— ‘ढगाळ. मारिट आली. आई, मी बरा आहे.’

मारिटनं ते दोनदा वाचलं. मग त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन खाली लिहिलं— ‘तिला परत जायची घाई नाही.’