उतरण्याआधीचा फोन

ताईची चप्पल जिन्यात सापडली. एकच. ताई राहायची तिसऱ्या मजल्यावर आणि चप्पल पडली होती चौथ्याच्या वळणावर. धाकट्या बहिणीनं ती उचलून छातीशी धरली.

भाजी आणते म्हणून ताई सकाळी घराबाहेर पडली, ती परतलीच नव्हती. उद्या तिचं विमान होतं. दूरच्या शहरात बढतीची जागा मिळाली होती. आजवरच्या कामाच्या फेऱ्या वेगळ्या. या वेळी ती कायमची निघाली होती.

"गच्ची पाहिली. रिकामी आहे," धाकटीनं बोलावलेल्या फौजदारबाई म्हणाल्या. "तिथल्या पंपाच्या खोलीचं दार फुगून बसलंय, उघडत नाही, असं रखवालदार सांगतो. हिचा नवरा कुठंय?"

"भावजी आज सकाळच्या विमानानं पुढे गेलेत, घर बघायला. पहिल्यांदाच विमानात बसलेत."

आत ताईच्या सासूबाई जपमाळ ओढत बसल्या होत्या. शेजारी जेवून झालेलं ताट होतं. धाकटीची नजर त्या ताटावर खिळली. घरातलं माणूस विमानात असलं की ते उतरेपर्यंत सासूबाई पाण्याचा थेंबही घेत नसत.

"मावशी, तुम्ही जेवलात?"

"पोचला की गं तो. फोन आला. 'उतरलो, आता दोन घास खा,' म्हणाला."

"ताई याच विमानानं जाते ना? तेव्हा कधी सुटतो उपास?"

"दिवेलागणीला. तोवर जीव नुसता टांगणीला."

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं. कठड्यावर अजून ऊन होतं.

"आणि ती परत येते तेव्हा?"

"येताना वेळ कमी लागतो बाई. वारा पाठीशी असतो म्हणे. जाताना तोच तोंडावर येतो."

धाकटी सासूबाईंच्या जवळ सरकली.

"फोनवर आणखी काय ऐकू आलं, मावशी?"

"ऐकू येतंय कपाळ! खडखड, खडखड. म्हटलं, विमानतळ एवढं मोठं, पंप मात्र आपल्यासारखाच रडका!"

फौजदारबाईंनी विमानतळाला फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"विमान अजून हवेत आहे," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात वर कुठेतरी पंप सुरू झाला. खडखड, खडखड. फौजदारबाई जिन्याकडे धावल्या.

शिपायांनी खांदे लावून दार तोडलं. ते फुगलेलं नव्हतंच. आतून कडी होती. ताई कोपऱ्यात होती. डोळ्यांवर पट्टी, तोंडात बोळा, पण जिवंत. पंपामागे प्रवासाची बॅग घेऊन भावजी उभे होते.

"मी पण तिलाच शोधत..."

"विमानातून?" धाकटी पुढे झाली. "जातायेता अंतर तेवढंच, म्हणून वेळही तेवढाच धरलात. ताई परत यायची तेव्हा तिला आणायला विमानतळावर जायचात, त्यामुळे तुम्हाला ठाऊक ते फक्त परतीचे तास. आई उपाशी राहील म्हणून फोन करणं भाग होतं. तो केलात पंप चालू असताना, ताईला तुमचा आवाज कळू नये म्हणून. तिला वाटलं असतं, कुणी परक्यानं डांबलं. मग पुन्हा एकटीनं उंबरा ओलांडला नसता तिनं."

भावजींनी बॅग खाली ठेवली.

"ती गेली की परत येणार नव्हती," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी ताई विमानात बसली. धाकटीनं वाढलेलं ताट सासूबाईंनी बाजूला सारलं.

"आता कशाला मावशी? एवढं सगळं झाल्यावर?"

"त्याचं त्याच्यापाशी. माझी पोर हवेत आहे."

दिवे लागले. फोन वाजला. ताईचा आवाज ओळखून घेतला, मागचा गलबला कान देऊन ऐकला, आणि मगच सासूबाईंनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.