दहावी शाल

सुज्ञ वाचकहो, पुढील ओळींत जो प्रसंग निवेदन करण्यात येत आहे, तो ऐकून मनुष्याच्या बुद्धीस जे प्रश्न पडतात ते सर्व मलाही पडले. त्यांपैकी एकाचेही उत्तर या कथेत मिळणार नाही. जसे घडले तसे, त्याच क्रमाने, पदरचे काही न घालता मांडण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

जागेश्वर पराते हा नागपुरात बावीस वर्षांपासून समारंभांचे मंच सांभाळीत असे. ऐन वेळी वीज जावो, पाहुणा न येवो, हार कमी पडो, जागेश्वरच्या कपाळावर आठी उमटत नसे. त्याचा विश्वास मोजणीवर होता. खुर्च्या मोजाव्यात, तबके मोजावीत, माणसे मोजावीत. आकडा जुळला की समारंभ पार पडतो, असे तो म्हणे.

मे महिन्याच्या मध्यावर नंदनवन वस्तीतील एका सभागृहात ज्येष्ठ विणकरांचा सत्कार ठरला. वेळ दुपारी चारची. अकरा विणकर, अकरा शाली. नागपूरच्या मे महिन्यात शाल ही वस्तू केवळ छायाचित्रापुरती असते. पांघरली, फोटो निघाला, की सत्कारमूर्ती ती तत्काळ काढून खुर्चीच्या पाठीवर टाकतात. या व्यवसायातील लोकांना हे ठाऊक असल्यामुळे, शाली कमी पडल्या तर खुर्चीवरची शाल हळूच उचलावी, घडी मोडावी, पुन्हा घालावी आणि पुढच्या तबकात ठेवावी, असा रिवाज आहे. जागेश्वरने हे शंभरदा केले होते. कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

मात्र या समारंभात त्याचा स्वतःचा जीव गुंतलेला होता. यादीतील अकरावे नाव त्याच्या मातेचे, रुख्माबाईचे होते. पाचपावलीतील घरात तिने चाळीस वर्षे माग चालविला. परंतु विणकर सोसायटीच्या वहीत नाव नेहमी नवऱ्याचे लागले. आता ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि महिनाभर एकच गोष्ट विचारीत होती, की माईकवर नाव नक्की पुकारतील ना.

"माह्या हातची किनार साऱ्या शहरानं नेसली गा," ती म्हणे, "पण माहं नाव कोणी घेतलं नाई."

जागेश्वरने तिला शब्द दिला होता.

पावणेचार वाजता त्याचा फोन वाजला. यादीतील दहावे नाव नानाजी निमजे यांचे होते. त्यांच्या सुनेचा तो फोन. नानाजी सकाळीच गेले होते. तिने सांगितले, घाटावर घेऊन निघून राहिलो, तुम्ही वाट पाहू नका.

नानाजी म्हणजे भिंतीपलीकडचा शेजारी, बुटका, सूत रंगवून बोटे कायमची निळी झालेला. दोन्ही माग एकाच भिंतीला लागून. रुख्माबाईचा धागा तुटून तिचा माग थांबला, की भिंतीपलीकडचा मागही थांबे आणि आवाज येई, "तुटला का वं रुख्मा?" हे जागेश्वरने लहानपणी दिवसातून दहादा ऐकले होते.

त्याने मातेकडे पाहिले. पहिल्या रांगेत ती नवे लुगडे नेसून बसली होती आणि दाराकडे मान वळवून कोणाची तरी वाट पाहत होती. बातमी कळली असती तर ती उठून सरळ घाटावर गेली असती. समारंभ आटोपेपर्यंत वाईट बातमी दाबून ठेवावी, हाही या व्यवसायाचा रिवाजच. त्याने तो पाळला.

त्याने यादीतील दहाव्या नावावर लाल रेघ ओढली. सत्कारानंतर विणकरांनी मंचावरच बसावयाचे असल्याने अकरा खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांतील एक त्याने स्वतः उचलून पडद्याआड, आपल्या शेजारी आणून ठेवली. इतक्यात सावनेरहून येणारे प्रमुख पाहुणे रस्त्यात अडकून उशिरा पोहोचले आणि त्यांच्यासोबत एक गृहस्थ अनपेक्षित आले. त्यांचाही सत्कार करणे भाग होते. नानाजींची शाल त्यांना देण्यात आली. दहा विणकर, दहा शाली, दहा खुर्च्या. आकडा जुळला.

सूत्रसंचालन वेदिका करीत होती आणि तबके नेण्याचे काम कुसुमताईंकडे होते. दहावे नाव वगळ, एवढेच जागेश्वरने वेदिकाला सांगितले. कारण सांगितले नाही. तिने मान डोलावली. परंतु तिची यादी मोबाईलमध्ये होती, आणि मोबाईलमध्ये लाल रेघ नव्हती.

नऊ सत्कार सुरळीत झाले. दहाव्या वेळी माईकवरून स्पष्ट शब्द आले. "श्री नानाजी निमजे यांनी कृपया मंचावर यावे."

जागेश्वर पुढे सरला. तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

त्या टाळ्या एकदम उठल्या नाहीत. त्या शेवटच्या रांगेत सुरू झाल्या आणि सावकाश पुढे सरकत आल्या, जसा एखादा वृद्ध मनुष्य दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना हात लावीत चालत यावा. पडद्याआडून त्याला प्रमुख पाहुण्यांची केवळ पाठ दिसत होती. पाहुणे वाकले. त्यांनी शाल पांघरविली. हात जोडले.

वेदिका पाणी पिण्यास बाजूला आली तेव्हा त्याने कोण आले होते म्हणून विचारले.

"आजोबाच तं आले," ती म्हणाली. "बुटके आहेत. बोटं निळी होती, रंगाची. काहून? बसले नं ते, तुमच्या बाजूलेच."

जागेश्वरने शेजारी पाहिले.

खुर्ची रिकामी होती. तिच्या पाठीवर शाल होती.

तेवढ्यात मागून कुसुमताईंची कुजबुज आली. तबक रिकामे होते. दहाव्या नावाला त्यांनी पुढचे तबक नेले होते, आणि ते रुख्माबाईचे होते.

"आणि आता," वेदिका माईकवर म्हणाली, "श्रीमती रुख्माबाई पराते."

माता उठली. एक-एक पायरी चढू लागली.

बावीस वर्षांची सवय होती. विचार करण्याच्या आधीच हात खुर्चीकडे गेला.

शाल थंड होती. माठावर गुंडाळलेल्या ओल्या फडक्यासारखी थंड. मात्र ती कोरडी होती.

ठेवून द्यावी, असे त्याला वाटले. ते त्याला स्पष्ट, शब्दांत वाटले. परंतु मातेचे नाव पुकारले गेले होते, आणि ती मंचावर रिकाम्या तबकासमोर उभी राहणार होती. त्याने घडी घातली. कुसुमताईंच्या हाती दिली.

पाहुण्यांनी ती तिच्या खांद्यांवर पांघरविली. छायाचित्र निघाले. वेदिकाने दोन शब्द बोलण्यासाठी माईक तिच्या तोंडाशी धरला.

रुख्माबाईने सभेकडे पाहिलेच नाही. तिने डावीकडे मान वळवली, मागावर बसताना जिकडे नानाजींची भिंत असे तिकडे, आणि हसून म्हणाली,

"तुटला नाई गा. हाय अजून."

लोक कौतुकाने हसले. मंचावरील सर्वांनी शाली काढून ठेवल्या होत्या. तिने काढली नाही.

परतताना रिक्षात जागेश्वरचा शर्ट अंगाला चिकटला होता. तो म्हणाला, "माय, काढ वं ते. उकडून राहिलं." तिने दोन्ही मुठींत पदर आवळल्यागत शाल आवळली. त्याने ओढून पाहिली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातांना इतके बळ नसते.

रिक्षातील सीटवर ती अगदी कडेला सरून बसली होती. मधली जागा मोकळी होती.

घरी पोहोचेपर्यंत सात वाजले. दिवसभर तापलेल्या भिंती अजून उष्णता सोडीत होत्या. त्याने खोलीतील कूलर लावला आणि मनाशी ठरविले, की आता सांगावेच. नानाजी गेले, हे सांगावे. ती रडेल, शाल सुटेल. तो खाटेपाशी गेला. रुख्माबाई खाटेच्या एका कडेला बसली होती.

"कूलर बंद कर गा," ती म्हणाली.

"काहून वं? इतकी गरमी आहे."

"नानाजीले थंडी वाजून राहिली."

त्याने कूलर बंद केला. पंख्याची पाती थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग त्याचे लक्ष शालीकडे गेले. ती आता तिच्या एकाच खांद्यावर होती. उरलेली अर्धी शाल तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर पसरली होती, खांद्याएवढ्या उंचीवर, आणि ती खाली पडत नव्हती.

आपला अमूल्य वेळ देऊन ही हकीकत अखेरपर्यंत वाचणाऱ्या सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
अनंत सोनकुसरे
नागपूर