शेवाळभिंतीचा पहिला थर

“शेवाळाला नाक नसतं, खरातबाई,” डॉ. तिडके म्हणाले, “पण या तळावर त्याच्याइतकं हुंगणारं दुसरं कुणी नाही.”

प्रयोगशाळेच्या तिन्ही भिंती जमिनीपासून छतापर्यंत हिरव्यागार होत्या. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, चांद्र सुरक्षा दलाच्या या तळावर दोनशे दहा माणसं राहत होती आणि त्यांनी सोडलेला प्रत्येक श्वास असल्या शेवाळभिंतींतून गाळून पुन्हा त्यांच्याच नाकात जात होता. इंदुमती खरातांना ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. उष्टी हवा, असं त्या म्हणायच्या. पण चार वर्षं त्यांनी ती मुकाट्यानं घेतली होती, कारण बाहेर जाऊन ताजी घेण्याची सोय नव्हती.

“सरळ सांगा डॉक्टर. मी अकरावीत शास्त्र सोडलेली बाई आहे.”

“सरळच सांगतो. दिवे लागले की शेवाळ वाढतं. रोज केसाएवढा एक थर. थर ताजा असतो तेव्हा चिकट असतो आणि खोलीच्या हवेत त्या वेळी जे असेल ते त्याला चिकटतं. दुसऱ्या दिवशी त्यावर नवा थर. खालचं खाली बंद. भिंतीचा तुकडा कापला की रोजनिशीच हातात आली म्हणा.”

“आणि त्या रोजनिशीत काय लिहिलेलं असतं?”

“दोनच गोष्टी. कोण होतं आणि ते घाबरलेलं होतं का. प्रत्येकाच्या श्वासातलं मिश्रण वेगळं असतं, अंगठ्यासारखं. त्याला मी श्वासठसा म्हणतो. आणि माणूस भ्यायला की त्याच्या श्वासातून काही खास रेणू बाहेर पडतात, ते भयरेणू. दमलेला माणूस धापा टाकतो, भ्यायलेलाही टाकतो. आपल्याला फरक कळत नाही, शेवाळाला कळतो.”

“काय घडलं ते?”

“ते नाही कळत. भिंतीला डोळे नाहीत. आणि ठसा कुणाचा, हे ओळखायचं तर त्या माणसानं आपणहून नळीत फुंकून दिलेला नमुना लागतो. चोरून घेतलेला चालत नाही, तसा नियम आहे.”

“तो नियम मीच करायला लावलाय, डॉक्टर.”

“हो की! विसरलोच बाप्पा.”

खरातबाईंचा कागदोपत्री हुद्दा होता ‘पीडित-सहायक अधिकारी’. दलातल्या ज्या कुणावर लैंगिक अत्याचार झाला असेल, त्याच्या बाजूनं उभं राहायचं. दवाखान्यात सोबत, चौकशीत सोबत, आणि दोन्ही नको असेल तर नुसतीच सोबत. मागच्या एका कर्नलसाहेबांनी भर मेजवानीत त्यांना टोमणा मारला होता, “तुम्ही म्हणजे आमच्या तळाच्या पाठराखीण!” नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी, दोन दिवस तिच्या शेजारी बसणारी आणि मानपानात कुणाच्याच यादीत नसणारी बाई. सगळे हसले. खरातबाईंना मात्र तो शब्द इतका पटला की दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो स्वतःच्या दारावर रंगवून घेतला.

त्यांच्याकडे दोन प्रकारच्या नोंदी होत. बंद नोंद म्हणजे औषधपाणी मिळेल, सोबत मिळेल, नाव मात्र त्या खोलीबाहेर जाणार नाही. खुली नोंद थेट कर्नलच्या टेबलावर जाई आणि चौकशी सुरू होई. बंद ठेवायची की खुली करायची, हे जिच्यावर गुदरलं असेल तिनंच ठरवायचं. खरातबाईंनी त्यात मत देणं म्हणजे पाप.

नायक शलाका मडावी सात आठवड्यांपूर्वी आली होती. गडचिरोलीची, चोविशीची, हवागाळण्यांच्या साठ्यावर नेमलेली. दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं होतं, “ताई, सोलायला काही आहे का?”

हे वाक्य तळावर सगळ्यांना ठाऊक होतं. खरातबाईंच्या खोलीत कायम एक टोपली असे. भाजीघरातले मटार भटारखान्यात जाण्याआधी त्यांच्याकडे सोलायला येत. हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं, हे त्या कुठल्या पुस्तकात शिकल्या नव्हत्या. आईच्या ओट्यावर शिकल्या होत्या. चंद्रावर मटार सोलणं मोठं गमतीचं काम. शेंग जरा जोरात दाबली की दाणा छतापर्यंत जाऊन सावकाश खाली येतो. रडणारं माणूससुद्धा तो येईपर्यंत वर बघत राहतं.

टोपली आणून द्यायचे भटारखान्याचे हवालदार शिरपत बोडके. पन्नाशीचे, भरघोस मिशांचे, अबोल. टोपली ठेवायचे, दारात जरा घुटमळायचे आणि “येतो” म्हणून निघून जायचे.

सात आठवडे शलाकाची नोंद बंद होती. मेजर पालांडेंनी चार नंबरच्या साठाघरात, दार लावून, काय केलं ते तिनं तीन टोपल्यांमध्ये मिळून सांगितलं. आणि काल बातमी आली, की मेजर शुक्रवारच्या यानानं पृथ्वीवर परतणार, बढती घेऊन. नव्या भरतीच्या प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख म्हणून.

“तिथे अठरा-अठरा वर्षांच्या पोरी येतात, ताई,” शलाका म्हणाली. “मीपण तशीच गेले होते.”

“हं.”

“नोंद खुली करायची आहे मला.”

खरातबाईंनी शेंग खाली ठेवली. “करू. पण काय होईल ते आधी ऐक. साठाघराच्या दाराला साधी कडी आहे, ये-जा नोंदवणारं यंत्र नाही. साक्षीदार नाही. तुझा शब्द आणि त्यांचा शब्द. ते जेवणघरात गाणी म्हणतात, सगळ्यांचे लाडके. तिडके म्हणतात, भिंत सांगेल. मात्र त्यासाठी तुझा श्वास द्यावा लागेल.”

शलाकानं दुसरी शेंग उचलली.

“म्हणजे मी सांगितलं ते पुरणार नाही. शेवाळानं सांगितलं तर पुरेल.”

“मला तुझं पुरलंय.”

“तुमचं नाही म्हणत मी, ताई. मला एक सांगा. मी किती भ्याले होते, हे मोजून कर्नल मॅडमना दाखवायचं? आणि कमी भरलं तर?”

“नको म्हणालीस तर मी आत्ता जाऊन तिडक्यांना नको सांगते,” एवढंच खरातबाई म्हणाल्या.

शलाकानं उरलेल्या शेंगा सोलल्या. एकही दाणा उडाला नाही. मग तिनं कागद मागितला, सही केली आणि तिडक्यांच्या नळीत श्वास फुंकून दिला.

बुधवारी कर्नल मृणालिनी धारप यांच्या कचेरीत सगळे बसले. कर्नल ताठ, मितभाषी. चेहऱ्यावरून काही कळायचं नाही. खरातबाई शलाकाच्या शेजारी, पण जरा मागे, ठेंगण्या स्टुलावर. पाठराखिणीची जागा तीच.

मेजर पालांडे चिडले नाहीत. हसले. “मॅडम, पोरीला काहीतरी त्रास झालाय हे दिसतंय. वाईट वाटतं. पण चार नंबरच्या साठाघरात मी दोन वर्षांत पाऊलही टाकलेलं नाही. लिहून देतो.” आणि खरोखरच लिहून दिलं, खाली झोकदार सही केली. तिडक्यांनी काचेची नळी पुढे करताच ती जवळजवळ हिसकावून घेतली. “घ्या डॉक्टर, पोटभर हवा घ्या! लपवण्यासारखं आहे काय आपल्याकडे?”

इतक्या आनंदानं श्वास देणारा आरोपी खरातबाईंनी आजवर पाहिला नव्हता.

तासाभरात कारण कळलं. चार नंबरचं साठाघर म्हणजे कपाटाला खोली म्हणावं एवढंसं. त्यात शेवाळाची एकच भिंत. तिच्यावर सात आठवड्यांचे गडद थर हवे होते, आणि होतं काय, तर कोवळं पोपटी शेवाळ, जेमतेम नखाच्या जाडीचं.

“खरवडलीय,” तिडके म्हणाले. “शेवाळ ज्यावर धरतं त्या चटईपर्यंत खरवडलीय. बारा दिवसांची वाढ आहे ही.”

“बारा दिवसांपूर्वी काय झालं होतं?” कर्नलनी विचारलं.

तिडक्यांनी कपाळावर हात मारून घेतला. “माझं व्याख्यान. जेवणघरात. श्वासठशावर. मी मूर्ख! स्लाइड लावून सांगितलं सगळ्यांना. मेजर तर पहिल्या रांगेत होते, प्रश्नसुद्धा विचारला त्यांनी, शेवाळ खरवडलं तर काय होतं म्हणून. मला वाटलं, चला, कुणाला तरी रस आहे.”

खरवड खतकुंडात गेली असणार आणि खतात मिसळून भाजीघरात. शोधण्यात अर्थ नव्हता. “व्याख्यान ऐकलं म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही,” कर्नल म्हणाल्या. त्यांनाही ते म्हणताना आवडलं नाही, हे खरातबाईंना पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

संध्याकाळी खरातबाई खोलीत आल्या तेव्हा शलाका टोपलीपुढे बसली होती. डॉ. तिडके मागोमाग आले, माफी मागायला. माफी कशी मागतात हे त्यांना येत नसावं. ते दारातच उभे राहून स्वतःला शिव्या देऊ लागले.

“बसा डॉक्टर, सोला,” खरातबाई म्हणाल्या. तिडक्यांनी पहिलीच शेंग अशी दाबली की चार दाणे छताला.

शलाकानं वर बघितलं. दाणे सावकाश खाली येत होते. ती एकदम म्हणाली, “सर, खरवडलेल्या चटईवर शेवाळ पुन्हा कधी धरतं?”

“लगेच. तंतू चटईत राहतात ना. दिवे चालू असले तर पहिल्या मिनिटापासून.”

“मी गाळण्या बसवते, सर. गाळणीची नवी चटई हाताला सगळ्यात चिकट लागते. शेवाळाचंही तसंच असतं?”

“अगदी तसंच. उघडा पडलेला पहिला थर जितका धरून ठेवतो तितका पुढचा कुठलाच...” तिडके थांबले.

“अख्खी भिंत खरवडायला किती वेळ लागतो?”

“तास. कदाचित दीड.”

“दार लावूनच खरवडली असणार. एवढ्याशा खोलीत. कुणी आलं तर, या धास्तीत.” शलाकानं हातातली शेंग टोपलीत ठेवली. “सर, तो तासभर श्वास तर घेतच होता ना?”

तिडके उठले ते दाराला धडकून बाहेर पळाले. चंद्रावर पळणारा जाड माणूस ही काही बघण्यासारखी गोष्ट नव्हे, पण त्या दोघी बघत राहिल्या.

गुरुवारी कर्नलच्या टेबलावर एक पातळ पट्टी आणि एक तक्ता होता. चटईला लागून असलेला अगदी तळचा थर. त्यात एकच श्वासठसा. काल स्वखुशीनं नळीत भरून दिलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळणारा. आणि भयरेणू इतके, की तिडक्यांना मोजपट्टी दोनदा बदलावी लागली होती.

“मी साफसफाई करत होतो,” पालांडे म्हणाले. आज ते हसत नव्हते. “दमलो असेन.”

“दमल्याचे रेणू वेगळे असतात, मेजर,” तिडके म्हणाले. “हे व्याख्यानात झालं होतं.”

कर्नलनी पालांडेंचा सहीचा कागद पुढे सरकवला. “दोन वर्षांत पाऊलही टाकलं नाही, असं इथं आहे. अक्षर तुमचंच ना? यानातली तुमची जागा रद्द. बढतीचा हुकूम थांबवलाय. सैनिकी न्यायालयात हा थर जाईल, हा कागद जाईल, आणि नायक मडावींची खुली नोंद जाईल.” मग त्या शलाकाकडे वळल्या. इतकी वर्षं हुकूम देऊन घट्ट झालेला आवाज जरा चाचपडला. “खटला चालेल. लांबेल. तुम्हाला पुन्हा सांगावं लागेल.”

“सांगेन, मॅडम,” शलाका म्हणाली. “ताई असतील ना बरोबर?”

“स्टूलसकट,” खरातबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर तिडक्यांनी शलाकाच्या हातात तिची नळी ठेवली. लाखेचा शिक्का तसाच होता. “ही लागलीच नाही. नियमाप्रमाणे परत.”

शलाकानं ती उजेडाकडे धरून बघितली. आत काहीच दिसत नव्हतं. “म्हणजे माझी भीती कुणीच मोजली नाही.”

“नाही.”

“त्याचीच मोजली.”

“त्यानंच दिली की,” खरातबाई म्हणाल्या. बावीस वर्षं त्या या कामात होत्या. दर वेळी पुरावा म्हणून बाईचं रडणं, बाईचं थरथरणं, बाईचं अंग टेबलावर मांडलं जायचं. आज टेबलावर दुसऱ्याच कुणाचं थरथरणं होतं. चष्मा धुरकट झाला म्हणून त्यांनी पुसला.

खोलीत येऊन शलाकानं नळीचा शिक्का फोडला आणि बूच काढलं. काही झालं नाही, हवाच ती. खोलीतल्या हवेत मिसळली.

“बाहेर कुठे जाणार?” ती म्हणाली. “राहू दे इथंच.” आणि ड्यूटीवर निघाली. सात आठवड्यांत पहिल्यांदाच आज तिची पाळी चार नंबरच्या साठाघरात होती. बदलून देऊ का, असं खरातबाईंनी सकाळी विचारलं होतं. तिनं नको म्हणून सांगितलं होतं.

ती गेली आणि हवालदार बोडके टोपली घेऊन आले. टोपली ठेवली. दारात नेहमीसारखे घुटमळले. खरातबाई वाट बघत होत्या, ते “येतो” म्हणतील म्हणून.

बोडक्यांनी टोपी काढली. मिशांवरून हात फिरवला.

“बाई,” ते म्हणाले, “हे... सोलायला पुरुषमाणूस चालतो का?”

चार वर्षं हा माणूस दर आठवड्याला या दारात घुटमळत होता आणि खरातबाईंना वाटत होतं की त्याला टोपली परत न्यायची घाई असते.

त्यांनी दुसरं स्टूल पुढे ओढलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “घाई नाही. शेंगा पुष्कळ आहेत.”