आवाज बाहेर येऊ नये म्हणून

आमचं घराणं शिंप्यांचं. म्हैसुरात चार पिढ्या झाल्या. मी मात्र सिनेमा थिएटरच्या भिंतींना कापडं शिवता शिवता आवाज अडवायचं काम शिकलो. शहाऐंशी साली मेटगळ्ळीच्या कारखान्याजवळ राहणाऱ्या गंगाधरराव मास्तरांचा निरोप आला, म्हणून माप घ्यायला गेलो.

मास्तर एकटेच. बायको, वनजाबाई, वर्षापूर्वी गेलेल्या. त्या ज्या खोलीत अंथरुणाला खिळून होत्या, तीच त्यांनी मला दाखवली. आत एक लोखंडी खाट, बाकी काही नाही. औषधाचा नि ओल्या चुन्याचा वास अजून कोंडलेला.

"कारखान्याचा आवाज आत येतो काय, मास्तर?"

"नाही रे हणमंता. आतला बाहेर येतो."

रेडिओ मोठ्यानं लावत असतील, असं मी समजलो.

तीन दिवस काम चाललं. भिंतींवर, छतावर लाकडी पट्ट्या ठोकून मधे आवाज शोषणारी काचेची लोकर भरली, वर जाड कापड ताणलं. जमिनीवर काथ्याची चटई, तिच्यावर गालिचा. एकुलती एक खिडकी बुजवली. दाराच्या कडांना रबर लावलं. शेवटच्या दुपारी म्हटलं, "मी आत थांबतो. तुम्ही दार लावून बाहेरून ओरडा, ठोका. मला ऐकू आलं नाही, तर आतलंही बाहेर जाणार नाही. मग सरि, काम झालं."

दार लागलं. रस्ता, कावळे, कारखाना, सगळं एकदम नाहीसं झालं. एक पिवळा दिवा तेवढा जळत होता. माझंच रक्त माझ्या कानात वाजत होतं.

मग खाटेच्या दांडीवर कुणीतरी नखानं वाजवलं. टक्... टक्... टक्.

खाट रिकामी होती.

आणि अगदी कानाशी, दमलेल्या बाईचा आवाज आला, "दार कशाला लावलं...?"

दार ढकलून मी बाहेर कसा आलो, मला आठवत नाही.

"एवढं ठोकलं मी. आलं ऐकू?" मास्तर आशेनं विचारत होते.

"मास्तर, आत... खाट वाजते."

ते मटकन खाली बसले. "वर्षभर ऐकतोय. आजारात अशीच वाजवून बोलवायची. एका दुपारी मी कंटाळलो, उठलोच नाही. तासाभरानं गेलो, तर... आता ऐकवत नाही रे. म्हणून तुला बोलावलं."

मी त्यांच्याजवळ वाकलो. "दार बंद नका करू, मास्तर. त्यांना आवडलं नाही. तसं म्हणाल्या मला."

मास्तरांनी मान वर केली. चेहरा पांढराफटक.

"म्हणाली?... लकवा झाल्यापासून वनजाला बोलताच येत नव्हतं. म्हणून तर खाट वाजवायची."

"अय्यो... मग आत..."

त्यांनी धडपडत दार लोटलं, कडी घातली. आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. पलीकडून काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. मी हळूच दारावर तळहात टेकला.

लाकूड आतून हादरत होतं. एका जागी नाही. वरपासून खालपर्यंत, कितीतरी हातांनी ठोकावं तसं.